मशीनचा काय दोष?

लग्नसराई आली की आपल्या खान्देशी ग्रुपवर एक पोस्ट हमखास फिरते. कम्प्युटर आला आणि अहिराणी गाण्याची वाट लागली, आता कोणीही घरबसल्या गाणं काढतो, सगळी गाणी सारखीच वाटतात. खाली नाना-आबा लोकांचं एकमत. शेवटची तक्रार मलाही पटते. गाणी सारखी वाटतात, खरंच वाटतात. पण त्यात मशीनचा दोष आहे हे मला अजिबात मान्य नाही. का नाही, ते सांगण्यासाठी एका अमेरिकन माणसाबद्दल लिहितोय. धुळ्यात लहानसा स्टुडिओ चालवतो, रोज याच कामात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जेम्स ड्युइट यान्सी, मशीनवर हिप-हॉप गाण्यांचे बीट म्हणजे ठेके रचणारा प्रोड्युसर. जन्म 7 फेब्रुवारी 1974, गाव डेट्रॉइट. आधी नाव जे डी. पण जर्मेन डुप्री या दुसऱ्या प्रोड्युसरलाही लोक जेडी म्हणत, घोळ व्हायचा, म्हणून 2001 पासून हा जे डिला झाला. वडील जॅझमध्ये बास वाजवायचे, आई मॉरीन गायिका. शाळेतल्या दोन मित्रांना घेऊन त्याने स्लम व्हिलेज नावाचा रॅप ग्रुप काढला. त्याच भागात अँप फिडलर नावाचे कीबोर्डवादक राहायचे. त्यांनी आपल्या घरातलं एमपीसी मशीन या पोराला वापरायला दिलं, शिकवलं आणि 1994 मध्ये ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या नावाजलेल्या रॅप ग्रुपच्या क्यू-टिपशी गाठ घालून दिली. मोठ्या भावासारखा एक माणूस आपल्या घरचं मशीन उघडून देतो आणि एका पोराचं आयुष्य बदलतं. आपल्याकडे ज्यांच्या घरी साउंड कार्ड आणि माइक आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता एमपीसी म्हणजे काय? रॉजर लिन या इंजिनिअरने अकाई कंपनीसाठी बनवलेलं मशीन, पहिलं मॉडेल 1988 चं. बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला ते लगेच समजेल. आपल्या ऑक्टोपॅडला आठ पॅड आणि हातात काड्या, एमपीसीला सोळा पॅड आणि ती बोटांनी वाजते. जुन्या रेकॉर्डमधला आवाजाचा तुकडा कापायचा, पॅडवर ठेवायचा आणि वाजवायचा. मशीनमध्ये क्वांटाइज नावाची सोय असते. तुमचं बोट जरा आधी पडलं किंवा उशिरा पडलं तर मशीन तो ठोका ओढून मोजलेल्या जागी, रेघेवर बसवतं. 90 बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला 90 मात्रांचं गाणं धरा. एक मात्रा साधारण 667 मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग 167 चा. यात वीस-तीस मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तरी तयार कानाला फरक कळतो. क्वांटाइज पूर्ण लावलं की तो फरक शून्य.

डिला ही सोय आंधळेपणाने वापरायचा नाही. किक म्हणजे मोठ्या ड्रमचा जाड ठोका मोकळा सोडायचा, तो थोडा डगमगायचा. स्नेअर म्हणजे छोट्या ड्रमचा कडक ठोका थोडा आधी आणायचा. हायहॅट म्हणजे झांजेची टिकटिक सरळ ठेवली तर बाकीचं झुलवायचा. एकाच गाण्यात सरळ चाल आणि झुलती चाल दोन्ही, आणि त्यांच्या घर्षणातून जे निघतं ते डिलाचं. लोकांना वाटलं पोराचा ताल कच्चा आहे. ताल कच्चा नव्हता. कुठला ठोका किती मागे ठेवायचा हे तो मशीनवर बसून ठरवायचा. पुढे 2000 साली डी'अँजेलो या गायकाचा अल्बम आला, त्यात ड्रम वाजवणारा क्वेस्टलव्ह आयुष्यभर घड्याळासारखं वाजवायला शिकलेला माणूस, तो मुद्दाम मागे रेंगाळून वाजवायला शिकला, आणि कारण होतं डिलाचे बीट. इथे उलटं घडलं. मशीनवर वाजवणाऱ्याकडून खरे वादक शिकले. आजचे कितीतरी जॅझ ड्रमरही तसं वाजवतात.

माझ्या स्टुडिओत माझे एक काका आले होते, तरुणपणी ढोल वाजवायचे. मी डिलाचा एक बीट लावला. ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "हाऊ ठेका चुकेल शे ना भो?" दुसऱ्यांदा लावायला सांगितला. मग म्हणाले, "आपला सातपुडाना ढोल बी आसाच वाजस."

अगदी बरोबर. अक्कलकुव्याकडे काठी गावच्या आदिवासी होळीला ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना हे सांगायला नको. मोठमोठे ढोल, पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचा तो घुमणारा आवाज, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले नाचणारे. तिथे एकही ठोका रेघेवर नसतो, तरी हजारो पाय एकत्र पडतात. आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या कार्यक्रमात पावरी ऐका, श्रावणात आपल्या खान्देशच्या कानबाई देवीसमोर बाया गातात ते ऐका. टाळी जरा मागे पडते, शब्द जरा पुढे पळतो. लय त्या मागेपुढे होण्यातच आहे.

आणि आपण स्टुडिओत काय करतो? लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर उघडतो, नेटवरून उतरवलेला तयार लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा टाकतो, सगळं शंभर टक्के क्वांटाइज करतो, वर गायकाचा आवाज सूर सरळ करणाऱ्या ऑटोट्यूनमधून काढतो. तोच लूप पंजाबी गाण्यात, तोच भोजपुरीत, तोच आपल्यात. मग खाली कमेंट येते, सगळी गाणी सारखी. सारखीच वाटणार, ढोलच एकाच फाइलमधून आलाय. साक्री-नवापूर पट्ट्यात जिवंत ढोलवाले असताना परक्याचा रेकॉर्ड केलेला ढोल वापरायची वेळ आपल्यावर का यावी? फोन घेऊन जा, चांगला माइक असेल तर उत्तमच, वाजवणाऱ्याला मानधन द्या, परवानगी घ्या, रेकॉर्ड करा. तो तुकडा पॅडवर ठेवा आणि हाताने वाजवा. डिलाने जुन्या रेकॉर्डच्या दुकानात तास-तास घालवले ते याच्यासाठीच.

श्रेयाचा विषयही इथेच काढतो, कारण तो माझ्या मनाला लागलेला आहे. ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या 1996 आणि 1998 च्या अल्बमवर डिलाने काम केलं, पण नाव छापलं गेलं 'द उम्माह' या प्रोड्युसरांच्या गटाचं, ज्यात तोही होता. कितीतरी लोकांना बरीच वर्षं कळलंच नाही की हा आवाज कोणाचा. आपल्याकडे तर गटाचंही नाव नसतं. अहिराणी गाणी यूट्यूबवर कोटींच्या घरात गेली. गायकाचं नाव, हिरो-हिरोईनचं नाव, कॅमेऱ्याचं, ड्रोनचं, कपडे कोणत्या दुकानातून घेतले त्याचंसुद्धा नाव. ज्या पोराने रात्रभर बसून ठेका रचला त्याचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये शोधून सापडत नाही. पैसे एकरकमी, तेही मागून मागून. एका चॅनेलने माझंच संयोजन दुसऱ्या गाण्याला लावून टाकलं होतं, विचारलं तर "दादा, म्युझिकच तर आहे" असं उत्तर आलं. म्युझिकच तर आहे! मग काढून टाका ना आणि वाजवा लग्नात नुसता आवाज.

डिला रॅपरही होता, हे लोक विसरतात. प्रोड्युसर म्हणून पूजा करतात आणि रॅपर म्हणून सोडून देतात. मला हे चूक वाटतं. तो शब्द ठोक्यासारखे टाकायचा, बीटच्या रिकाम्या जागेत बसवायचा. 2001 मध्ये स्वतःच्या गावाचं नाव शीर्षकात घेऊन सोलो अल्बम काढला. मग एमसीए या मोठ्या कंपनीने त्याला रॅपर म्हणून करारबद्ध केलं. त्याने अल्बम केला, त्यात बरेचसे बीट इतरांचे आणि शब्द याचे. कंपनीने तो बाहेरच काढला नाही. तो आला 2016 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. मधल्या काळात, 2003 मध्ये, त्याने स्वतःच्या हिमतीवर रांगडं काम बाहेर काढलं आणि मॅडलिब या दुसऱ्या प्रोड्युसरबरोबर एक जोडअल्बम केला. मोठ्या कंपनीच्या दारात बसून राहिला नाही.

शेवटची वर्षं आजारपणाची. टीटीपी हा रक्ताचा दुर्मिळ विकार आणि सोबत ल्युपस. 2005 च्या अखेरीस व्हीलचेअरवर बसून युरोपात कार्यक्रम केले. हॉस्पिटलच्या खोलीतही सॅम्पलर (आवाजाचे तुकडे कापून वाजवायचं मशीन) आणि छोटा रेकॉर्ड प्लेअर होता, सुजलेली बोटं आई चोळून द्यायची. 'डोनट्स' हा 31 तुकड्यांचा, जवळजवळ शब्दच नसलेला अल्बम 7 फेब्रुवारी 2006 ला आला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी. 10 फेब्रुवारीला तो गेला. त्याचं एमपीसी 3000 आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. ते आईनेच दिलं. आपल्याकडे ज्या मशीनला शिव्या घालतात तसंच एक मशीन तिकडे देशाचा ठेवा म्हणून जपलंय.

आता कामाचं बोलतो. जे प्रोड्युसर हे वाचताय, त्यांनी पुढच्या गाण्यात निदान किक आणि ढोल क्वांटाइज न करता ठेवून बघा, आवडलं नाही तर परत सरळ करा. जे चॅनेल चालवतात त्यांनी संगीत संयोजकाचं नाव गायकाच्या नावाखालीच लिहा. आणि ज्यांच्या घरी जत्रेतून आणलेल्या जुन्या अहिराणी कॅसेट पडून आहेत, कानबाईच्या, लग्नातल्या, लोकनाट्यातल्या, त्यांनी भंगारवाल्याला देण्याआधी मला मेसेज करा. मी धुळ्यात आहे, कॅसेट डेक चालू आहे, डिजिटल करून तुमची कॅसेट तुम्हाला परत देतो. पैसे घेणार नाही.