ड्रॉप चेकर हिरवागार आणि मासे पृष्ठभागावर आचके देतायत

माशांच्या टाकीतल्या झाडांना सीओटू गॅस द्यायचं किट विकणाऱ्यांनो, डब्यात ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणारी काचेची कुपी) टाकता, निळ्या इंडिकेटरची बाटली टाकता, मग त्यात भरायचं 4 केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) पाणी द्यायला काय धाड भरते? वर माहितीपत्रकात बिनदिक्कत छापता, ‘टाकीतलंच पाणी भरा’. या एका ओळीपायी लोकांचे मासे मरतात, आणि दुकानात विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: तुम्ही गॅस जास्त सोडला असणार.

अहो, तो माणूस चेकर बघूनच गॅस सोडत होता! ड्रॉप चेकरच्या आतलं पाणी टाकीच्या पाण्याला शिवतसुद्धा नाही. मधल्या हवेतून सीओटू त्यात मुरतो, पीएच उतरतो आणि त्या निळ्या इंडिकेटरचा, म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लूचा, रंग बदलतो. मधला हिरवा म्हणजे पीएच साधारण 6.6. आतल्या पाण्याचा केएच 4 असेल, तरच त्याचा अर्थ टाकीत 30 पीपीएम (लिटरमागे 30 मिलिग्रॅम) सीओटू. तिथे बोअरचं केएच 12 चं पाणी भरलं, तर तोच हिरवा रंग यायला 90 पीपीएम लागतात. म्हणजे हव्या त्या 30 ला चेकर अजून निळाच, माणूस नीडल व्हॉल्व्ह (गॅस कमी-जास्त करायचा नॉब) आणखी उघडतो, आणि हिरवा दिसेपर्यंत मासे आडवे. उलट केएच 2 च्या मऊ पाण्यात हिरवा रंग 15 लाच दिसतो. झाडं उपाशी, शेवाळ जोरात, आणि सल्ला काय मिळतो? खत वाढवा.

हे 4 केएचचं पाणी घरी बनवायला फार खर्च येत नाही. 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात 6 ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. त्यातलं 20 मिली घ्या आणि डिस्टिल्ड पाणी घालून 1 लिटर करा. झालं 4 केएचचं पाणी, वर्षभर पुरेल. आणि रंग बदलायला तास-दोन तास लागतात, हेही कुणी सांगत नाही. लोक दर दहा मिनिटांनी नॉब फिरवत बसतात. एकदा थोडं फिरवा, दोन तास हात लावू नका. गॅस दिवे लागायच्या दीड-दोन तास आधी सुरू, दिवे जायच्या तासभर आधी बंद. मासे वर येऊन धापा टाकायला लागले, तर आधी गॅस बंद, एअर पंप चालू आणि निम्मं पाणी बदला. रंगाची चर्चा नंतर.

आणि ते ‘सेकंदाला एक बुडबुडा ठेवा’! कुठल्या टाकीला? 30 लिटरला की 200 लिटरला? बुडबुड्याचा आकार प्रत्येक बबल काउंटरमध्ये (गॅसचे बुडबुडे मोजायच्या नळीत) वेगळा असतो, ते माप दुसऱ्याच्या टाकीला लागूच होत नाही.

किटमधली नळीही तसलीच. एअर पंपाची मऊ सिलिकॉनची नळी! सिलिकॉनमधून सीओटू आरपार झिरपतो. पीयू (पॉलियुरेथेन) नळी द्या ना, किती महाग आहे ती? पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह तर बहुतेक किटांत नसतोच. सायट्रिक अ‍ॅसिड-सोड्यातून गॅस बनवणारं किट थंड पडलं की आतला दाब उतरतो आणि टाकीचं पाणी नळीतून उलटं बाटलीत येतं. साखर-यीस्ट आंबवून गॅस बनवणाऱ्या बाटलीचा फेस सरळ टाकीत जातो. मध्ये एक रिकामी बाटली आणि पितळी चेक व्हॉल्व्ह, एवढंच हवं असतं. यीस्टच्या बाटलीला रात्री बंद करायचा नॉब लावून विकणाऱ्यांचा तर मला भयंकर राग येतो. यीस्ट रात्री झोपत नाही, दाब चढत राहतो आणि बाटली फुटते. तिथे गॅस चालूच ठेवायचा आणि रात्री एअर पंप लावायचा.

सिलिंडर घेतला तरी सुटका नाही. रिफिलवाला दाबाचा काटा दाखवतो, ‘बघा, फुल आहे’. सिलिंडरमध्ये द्रवरूप सीओटू असेपर्यंत काटा तापमानाप्रमाणे हलतो, 20 अंशांना 57 बार, 30 अंशांना 72. आत द्रव भरपूर असो की थोडाच उरलेला, काटा तोच! द्रव संपल्यावर तो झपाट्याने खाली येतो, आणि नेमकं तेव्हाच स्वस्त सिंगल स्टेज (दाब एकाच टप्प्यात उतरवणारा) रेग्युलेटर बाहेरचा दाब वाढवतो. रात्रीत टाकी साफ. गॅस वजनावर घ्यायचा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या मानेवर ठोकलेलं असतं, भरून आल्यावर समोर वजनकाट्यावर ठेवायला लावा आणि फरक मोजा. वजन करून द्यायला जो नाही म्हणेल, त्याला पैसे देऊ नका.