कवटीची गुहा बुडीत क्षेत्रात

गेल्या मंगळवारी, अप्पा बळवंत चौकाजवळ मोठ्या नकाशांच्या प्रती काढून देणाऱ्या एका दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत डेंकाली देशावर लाल बॉलपेनने धरण बांधण्यात आले. हे लिहिताना तो नकाशा समोर टेबलावर पसरलेला आहे आणि धरण अजून जागेवर आहे.

डेंकाली म्हणजे वेताळाचा, अर्थात चित्रकथांतल्या मुखवटाधारी फँटमचा, मुलूख; वेताळपण तिथे बापाकडून मुलाकडे चालत येते. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ पासून वृत्तपत्रांतून ही चित्रमालिका सुरू केली. तिच्यातला बंगाला हा देश १९६४ साली निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे येताना डेंकाली झाला, बहुधा वाचकांनी वेताळाला कोलकात्याकडे शोधत जाऊ नये म्हणून. त्याच ओघात सिंग चाच्यांचे सिंगा चाचे झाले. १९९० साली इंद्रजाल बंद पडले, पण तोवर माझ्या पिढीच्या डोक्यात हा देश कायमचा वसला होता, आणि तो नेमका कुठे आहे हे मात्र कोणीच सांगितले नव्हते.

ते शोधण्याचे काम मी, माझा थोरला चुलतभाऊ आणि इंद्रजालचे शिवलेले गठ्ठे जपून ठेवणारा त्याचा एक मित्र अशा तिघांनी सहा वर्षे रविवार सकाळचा चहा थंड करून केले. काम वाटते तितके सोपे नाही. सुरुवातीच्या काळात हा देश आशियात होता आणि पुढे तो आफ्रिकेत गेला. देश हलला, पण त्यातले सामान सगळे आफ्रिकेला शोभेलसे नव्हते. ईडन बेटावर सिंह आणि वाघ मासे खाऊन हरणांच्या शेजारी नांदतात. मासे आम्ही मान्य केले, परंतु आफ्रिकेत वाघ कुठून आला, यावर दादाने दोन पावसाळे काढले. पहिल्या वेताळाचे जहाज १५३६ साली सिंगा चाच्यांनी लुटले, त्या अर्थी किनारा हिंदी महासागराचा आणि समुद्र पूर्वेला, हे माझे मत; वाघ आणि चाचे या दोन साक्षीदारांच्या बळावर देश अजून आशियातच आहे, हे दादाचे. त्यामुळे आमच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. तो वाद मिटल्यावर काढायचा होता.

अशा नकाशाची घडी काउंटरवर उलगडताच दुकानातल्या पोऱ्याने विचारले, “मुलाचा प्रोजेक्ट का, काकू?”

माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो आणि आपली आई असले काही करते हे त्याने होणाऱ्या सासरी अजून सांगितलेले नाही. या प्रश्नाचा मला इतका राग का यावा, याचा मी नंतर विचार केला. पेशवाईतला अमुक सरदार कोणत्या वाड्यात उतरला होता यावर आमच्या सोसायटीतले तीन निवृत्त गृहस्थ दर शनिवारी हमरीतुमरीवर येतात. त्यांना कोणी ‘नातवाचा प्रोजेक्ट का’ असे विचारत नाही. त्याला व्यासंग म्हणतात. शिवाय ज्या शहरात खुन्या मुरलीधर आहे, उपाशी विठोबा आहे, जिलब्या मारुती आहे आणि जिथे पत्ता सांगताना पडून गेलेली चित्रपटगृहे अजून खुणेला वापरतात, तिथे वेताळाचे नाव कुजबुजणाऱ्या झाडांच्या राईचे हसू कोणाला का यावे?

पण पोऱ्या बिचारा निरुपद्रवी होता. खरा प्रसंग माझ्या मागे, सोसायटीच्या मंजूर आराखड्याची गुंडाळी काखेत धरून उभा होता. वय सत्तरीच्या पुढचे, खिशाला दोन पेने, एक निळे आणि एक लाल. त्यांनी माझ्या खांद्यावरून नकाशा वाचला.

“वेताळ,” ते म्हणाले. “म्हणजे बोगद्याचे ठरले तर!”

वेताळ टेकडी आणि तिच्यावरून आखलेला बालभारती ते पौड फाटा रस्ता हा पुण्यात कोणत्याही दुकानात, कोणत्याही वेळी पेटू शकणारा विषय आहे. दुकानातली आणखी दोन माणसे पुढे सरकली. एका बाईंनी, आपला विरोध आहे, असे मला बजावून सांगितले. त्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, नकाशावर बोट फिरवत नेले आणि ते बोट पाण्याशी थांबले.

“टेकडीच्या पायथ्याशी समुद्र दाखवला आहे.”

“हा वेगळा वेताळ आहे,” मी म्हणाले. “हा काल्पनिक देश आहे. ही कवटीची गुहा, हे बांडर लोकांचे घनदाट अरण्य. ही राजधानी मावितान, जिला आधी मॉरिसटाउन म्हणत.”

इथे कोणत्याही सामान्य माणसाने ‘असं का’ म्हणून पाऊल मागे घेतले असते. ते पुढे आले.

“मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे काढली आहेत. ही नदी इथे धबधब्यातून पडते, मग या डोंगररांगेवर चढते आणि पलीकडे उतरते, बरोबर?”

“देश काल्पनिक आहे,” मी पुन्हा सांगितले.

“देश काल्पनिक असला म्हणून पाणी चढ चढेल का?”

मला उत्तर सुचले नाही, आणि सहा वर्षांत हा प्रश्न आम्हा तिघांपैकी कोणालाही सुचला नव्हता, हे त्याहून वाईट होते. धुक्याची डोंगररांग आम्ही नंतर घातली होती. तिथे आधीपासून नदी आहे, हे चहाच्या भरात विसरलो होतो.

“आणि इथे नदी दुभंगली आहे. एक फाटा राजधानीला, एक या वांबेसींकडे. हे कोण?”

“शेती करणारी जमात. लोंगो शिकारी, मोरी कोळी आणि वांबेसी शेतकरी. त्यांना पाणी हवे म्हणून...”

“ताई, तुम्ही संगमावर कधी गेला आहात का? मुळा आणि मुठा मिळतात. नद्या खाली येताना मिळतात, फुटत नाहीत. फुटतात त्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. वांबेसींना पाणी द्यायचे असेल तर कालवा काढा. आणि कालवा काढायचा तर आधी काय लागते?”

हा प्रश्न त्यांनी सगळ्या दुकानाला विचारला होता. विरोध नोंदवणाऱ्या बाई म्हणाल्या, “धरण.”

“धरण!” असे म्हणून त्यांनी खिशातले लाल पेन काढले आणि मी ‘अहो’ म्हणेपर्यंत धबधब्याच्या खालच्या अरुंद घळीत ठसठशीत रेघ ओढली. मग तिच्यामागे पाणी कुठवर तुंबेल ते तुटक रेषेने दाखवले. धबधबा गेला. त्याच्या आडचा गुप्त मार्ग गेला. वीस वेताळांच्या समाध्यांसह कवटीची गुहा बुडीत क्षेत्रात गेली.

“यात माणसे राहतात,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता हे कबूल करते. “बांडर लोक कुठे जातील?”

“पुनर्वसन. जमिनीच्या बदल्यात जमीन.”

यावर मी जे बोलले ते त्या दुकानात बोलण्यासारखे नव्हते. मी म्हणाले, की मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली झाला, सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंगवास भोगला, तरी धरण झालेच. की खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांचे पाणी आपण नळाला लावून पितो तेव्हा त्याखाली कोणाची गावे आहेत हे कोणी विचारत नाही. आणि निदान माझ्या कागदावरच्या जंगलात तरी हे व्हायला नको होते. बाईंनी मान डोलावली. पोऱ्याने मोबाइलवरचे गाणे बंद केले.

गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग सावकाश म्हणाले, “बारा जुलै एकसष्टला पानशेत फुटले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमचे घर शनिवार पेठेत, नदीकडेला होते. म्हणून या खात्यात गेलो.”

या वाक्यानंतर पुण्यात कोणाशी भांडता येत नाही. मी नकाशा पोऱ्याकडे सरकवला आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीचे ऐंशी रुपये काढले.

“लाल आहे ना यात,” पोऱ्या म्हणाला. “रंगीत धरावं लागेल. साडेतीनशे.”

मी सांगितले, की लाल माझे नाही, ते काळ्यात आले तरी चालेल, न आले तर उत्तमच.

“काळ्यात काढू नकोस,” गृहस्थ मागून म्हणाले. “धरणाची भिंत आणि डोंगर एकच दिसतील. आणि ताई, उत्तर दिशा राहिली आहे.”

साडेतीनशे रुपये मी दिले. गुंडाळी घेऊन पायरी उतरत होते तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. ते पोऱ्याला सांगत होते, “याची एक प्रत मलाही काढ. माझी काळी-पांढरीच काढ. धरण कुठे आहे ते मला माहीत आहे.”