लेफ्टनंट किरण शेखावत ट्रेनिंगमध्ये गेली म्हणून कमी गेली का?

"लढताना गेला तर शहीद, ट्रेनिंगमध्ये गेला तर अपघात, त्यात काय एवढं." हे वाक्य मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी मला नौदलातली लेफ्टनंट किरण शेखावत आठवते. आणि तिचा नवरा. तोही नौदलात अधिकारी. 2013 ला लग्न झालं आणि 2015 च्या मार्चमध्ये सगळं संपलं, म्हणजे संसार म्हणावा असा काळ तरी मिळाला का दोघांना?

मोपाचा नवा विमानतळ सुरू व्हायच्या आधी गोव्याला विमानाने गेलेले सगळेच दाबोळीला उतरलेत. तिथे खिडकीतून नौदलाची विमानं उभी दिसतात, आपण पोरांना दाखवतो, फोटो काढू नका म्हणून सांगतात तरी कोणीतरी काढतोच. तोच आयएनएस हंसा, नौदलाचा तळ. 24 मार्च 2015 ला तिथलं एक डॉर्निअर, म्हणजे समुद्रावर नजर ठेवणारं छोटं विमान, रोजच्यासारखं सरावाला उडालं. आत तिघं. कमांडर निखिल जोशी, लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि ऑब्झर्व्हर लेफ्टनंट किरण शेखावत. रात्री दहाच्या सुमारास संपर्क तुटला, विमान गोव्याच्या नैऋत्येला समुद्रात पडलं. जोशींना मच्छीमारांनी वाचवलं. नागोरी आणि किरण गेले. किरण 26 तारखेला सापडली, साधारण 60 मीटर खोल पाण्यात, विमानाच्या सांगाड्यात. आयएनएस मकर या सर्व्हे करणाऱ्या जहाजाने सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, लावून ते विमान शोधलं होतं. नौदलात ड्युटीवर असताना प्राण गेलेली ती पहिली महिला अधिकारी.

आता ऑब्झर्व्हर म्हणजे नुसतं खिडकीतून बघणारी असं कोणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाही. पायलट विमान उडवतो, पण कुठे जायचं, रडारवर दिसणारा ठिपका मच्छीमाराची होडी आहे की भलतंच काही, कुठला भाग परत एकदा पिंजून काढायचा, हे सगळं बघायचं काम ऑब्झर्व्हरचं. आपल्या मुंबईवर 26/11 ला आलेले लोक समुद्रातूनच आले होते, एका पळवलेल्या मच्छीमार बोटीतून, हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको. त्यानंतर किनाऱ्यावर आणि समुद्रावर जी नजर ठेवली जाते ती या असल्या विमानांतून पण ठेवली जाते, आणि रात्री पण ठेवायला लागते. मग रात्रीचा सराव नको का? रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नाही हो. वर काळं, खाली काळं, अंगाला वाटतं आपण सरळ चाललोय आणि प्रत्यक्षात तसं नसतं, समोरच्या काट्यांवरच विश्वास ठेवावा लागतो. आणि डॉर्निअरमध्ये फायटरसारखी इजेक्शन सीट नसते, बटण दाबलं आणि बाहेर पडलो असं काही नाही. ही सगळी माहिती असून माणसं रोज त्यात बसतात. त्याला "नुसतं ट्रेनिंग" म्हणायची हिंमत कशी होते लोकांची मला खरंच कळत नाही.

नौदलात बायकांना ऑब्झर्व्हर म्हणून घ्यायला सुरुवात झाली 2009 ला, आणि पहिली महिला पायलट मिळाली थेट डिसेंबर 2019 मध्ये. म्हणजे किरणच्या काळात बाईला नौदलाच्या विमानात बसून समुद्रावर जायचं तर ऑब्झर्व्हर हाच रस्ता होता, आणि ती तिथे पोचली होती. मुंबईत जन्मलेली, वडील नौदलात, विशाखापट्टणमला शिकलेली. जायच्या दोनच महिने आधी 26 जानेवारीला राजपथावर नौदलाच्या महिलांच्या तुकडीत ती चालली होती, ओबामा आले होते ते वर्ष. ती परेड आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलीय, व्हॉट्सअ‍ॅपवर अभिमानाने फॉरवर्ड केलीय. त्या रांगेतली एक पोरगी दोन महिन्यांत गेली हे किती जणांना माहिती आहे?

तिच्यावर अंत्यसंस्कार झाले हरियाणात, सासरच्या गावी, मेवातमधल्या कुर्थला इथे. मी त्या नवऱ्याचा फार विचार करते. आपल्याकडे जवान गेला की त्याच्या बायकोकडे कसं बघायचं, काय बोलायचं, काय द्यायचं, याच्या पद्धती ठरलेल्या आहेत, चांगल्या वाईट कशा का असेनात. पण इथे गणवेशातला नवराच मागे राहिला. त्याला कोणी काय म्हणालं असेल? त्याला तर सगळं कळत होतं, संपर्क तुटला म्हणजे काय, रात्रीच्या पाण्यात शोध म्हणजे काय, दुसरा दिवस उजाडला तरी निरोप नाही म्हणजे काय. इतर घरात निदान खोटी आशा तरी असते.

असंच 2019 ला झालं. 3 जूनला आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलच्या मेचुकाला निघालेलं हवाई दलाचं एएन-32 हे मालवाहू विमान डोंगरात कोसळलं, आत 13 जण होते. त्यात फ्लाइट लेफ्टनंट आशिष तंवर. त्याची बायकोही हवाई दलात, आणि ते विमान उडालं तेव्हा जोरहाटच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये तीच ड्युटीवर होती असं घरच्यांनी सांगितलेलं सगळीकडे आलं होतं. अवशेष दिसले 11 जूनला. मधले आठ दिवस तिने कसे काढले असतील, माझी तर कल्पना करायची पण ताकद नाही. यात कुठे गोळी चालली? कुठेच नाही. सामान आणि माणसं पोचवणारी फेरी होती.

सैन्यदलाच्या कागदांवर बॅटल कॅज्युअल्टी (ढोबळमानाने लढाईतले) आणि फिजिकल कॅज्युअल्टी (अपघात वगैरेतले) असे वेगळे रकाने असतात, पैसे आणि सवलती त्यावर ठरतात, तो सरकारी हिशोब झाला, असू दे. पण आपण कशाला आपल्या मनात तो रकाना करून ठेवलाय? चौकात बॅनर लागतो तो सीमेवर गेलेल्याचा, लागायलाच पाहिजे, माझं त्याच्याविरुद्ध एक अक्षर नाही. फक्त किरणचा, नागोरीचा, आशिषचा पण लागू दे ना.

माझी भाची कॉलेजात एनसीसीला आहे, नेव्हल विंग. तिला किरण शेखावत हे नाव माहिती नव्हतं, तिच्या मैत्रिणींनाही नाही. तिच्या सरांना मी फोन करून विचारलंय की येत्या 24 मार्चला एक तास द्या, ऑब्झर्व्हर काय करतो ते नौदलातल्या कोणीतरी येऊन मुलांना समजावून सांगू दे, आणि सुरुवात किरणच्या नावाने करा. सर हो म्हणालेत, वक्ता शोधायचं काम माझ्यावर टाकलंय. निवृत्त नौदलवाले कोणी ओळखीचे असतील तर प्लीज मला इनबॉक्स करा, पुणे-मुंबई कुठलेही चालतील, येण्याजाण्याचं मी बघते.