गणित की भूगोल?

आज सकाळी भाचीच्या अकरावी सायन्सच्या ॲडमिशनला कागद घेऊन गेले होते. रांगेत आमच्या पुढे एक बाप आणि त्याची लेक. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "गणित घ्यायचं की भूगोल?" बापाने पोरीकडे पाहिलं, पोरीने स्वतःच्या चपलेकडे. एवढ्यात त्याने टिक मारूनही टाकली. भूगोल. वर म्हणतो, "मुलींना स्कोअरिंग पडतं."

माझं डोकंच फिरलं. कारण १९९८ साली अमळनेरात अशाच एका खिडकीसमोर मी उभी होते, आप्पांचा सदरा धरून. दहावीला गणितात १५० पैकी १३१. आप्पांना त्या माणसाने हेच विचारलं आणि आप्पा हात जोडून म्हणाले, "माले काय समजस त्यामा, तुम्हीच लिखी द्या." त्याने लिहून दिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, भूगोल काय वाईट? नाहीच वाईट. मला आवडायचा. पण मला इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हायचं होतं हो! आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटार. लाइट यायची रात्री. एक फेज गेली की मोटार नुसती घूं घूं करायची, बंद करायला उशीर झाला की वायंडिंग जळालंच म्हणून समजा. स्टार्टरचं झाकण काढून काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासायचं काम माझं, आप्पा बॅटरी धरून उभे राहायचे. सातवीत होते तेव्हापासून. हे त्या खिडकीला कोण सांगणार? मलाच तोंड उघडता आलं नाही.

आणि गणित सोडलं म्हणजे काय सोडलं, हे दोन वर्षं कुणी सांगितलंही नाही. त्या वेळी इंजिनिअरिंगला सीईटी, म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा नव्हती, बारावीच्या पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) मार्कांवर नंबर लागायचा. निकाल घेऊन आप्पा आणि मी जळगावला फॉर्म आणायला गेलो. तिथल्या बाईंनी मार्कशीटवरून पेन फिरवला. खाली गेला, परत वर आला. "गणित कुठंय?" आप्पा भाबडेपणाने म्हणाले, "छापानं राही गयं व्हई." अजून ते वाक्य आठवलं की गळ्याशी येतं. त्यांना खरंच वाटलं होतं की बोर्डाची चूक आहे. गणित घेऊन परत अकरावीपासून बसायचं म्हणजे दोन वर्षं, आणि माझ्यामागे दोघं भाऊ शिकायचे. बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं. आज आठवी-नववीला विज्ञान शिकवते, सुखात आहे. रडगाणं नाही हे.

पण आजही तेच? आज तर हातातल्या मोबाइलवर सगळं दिसतं ना! इंजिनिअरिंगला बारावीत फिजिक्स आणि गणित लागतंच. सीईटीच्या पीसीएम ग्रुपमध्ये २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे, एकेका प्रश्नाला दोन. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून उरलेले १००. आणि ज्या अकरावीला आपल्याकडे 'आरामाचं वर्ष' म्हणतात, तिच्यावर त्याच सीईटीत २० टक्के प्रश्न. जेईईत तर अकरावी-बारावी असा भेदभावच नाही. पोरं अकरावीला कॉलेजचं तोंड बघत नाहीत, मग इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, अडकला की मास्तर वाईट. अरे, इंटिग्रेशन आलं कधी होतं तुला?

हो, माहितीये, २०२१ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, काही शाखांपुरती गणिताची सक्ती सैल करायचं ठरवलं होतं. झाली तेव्हा चर्चा. म्हणून काय आपल्या पोरींनी त्या भरवशावर राहायचं?

डिप्लोमाचा रस्ता आहे, तोही कबूल. दहावीनंतर तीन वर्षं, मग थेट सेकंड इयर. खरं सांगू, मोटारी खोलणाऱ्या पोरांना तोच बरा. १९९८ ला 'पॉलिटेक्निक' हा शब्द आमच्या घरात कुणाला माहीत असता तर ही पोस्टच लिहावी लागली नसती. पण डिप्लोमाला तरी गणितापासून सुटका कुठाय?

सगळ्यांना इंजिनिअर व्हायचं नसतं, हेही बरोबर. ठरत नसेल तर गणित, बायो दोन्ही ठेवा. बायो मागाहून सोडून देता येतं. बायो नको असेल आणि इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर, म्हणजे दोनशे मार्कांचा बायफोकल हा हाताने शिकायचा विषय, मिळत असेल तर तो घ्या, पण "मार्क पडतात" एवढ्यासाठी नको. तिथे हातात सोल्डरिंग गन येते का ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी लॅबला कुलूप असतं आणि जर्नल मात्र पूर्ण असतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खिडकीतल्या त्या माणसाला तरी काय बोलू? गणिताला माणूस तासिका तत्त्वावर, तोही दिवाळीनंतर येतो की नाही कुणास ठाऊक. वरून निकाल चांगला लागला पाहिजे. गणितवाली पोरं कमी, तेवढी नापासांची भीती कमी. त्याने भूगोलावर टिक मारली त्यामागे हे सगळं असणार. तरी 'मुलींना' हा शब्द त्याने का वापरला, ते मी विसरणार नाही. या बाप-लेकीच्या आधीच्या पोराला त्याने विचारलंसुद्धा नव्हतं, सरळ गणित.

मी मध्ये तोंड घातलं. "दादा, पोरीला विचारा ना एकदा." खिडकी म्हणाली, "मॅडम, तुमचा नंबर आला की बोला." मागे रांग कुरकुरायला लागली. मी पोरीलाच विचारलं, दहावीला गणितात किती? एकदम बारीक आवाजात म्हणाली, "८८." बाप चमकला. माझी शपथ, त्याला ठाऊकच नव्हतं.

त्याने खिडकीतून फॉर्म परत घेतला. "ताई, घरी जाऊन विचार करतो, तुमचा नंबर द्या," म्हणाला. बिडीबंडलच्या कागदावर मी नंबर लिहून दिला. उद्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस आहे.

आता रात्रीचे साडेदहा. फोन आला नाही अजून.