पांढऱ्यावर पांढरं : सुहास यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुहास,

कोरियातली पांढऱ्या चिनीमातीची मोठी भांडी, म्हणजे ‘चंद्रकुंभ’, आणि ती रंगवणारे चित्रकार यांच्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मिळाली. दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला.

तुमचे मुद्दे तीन. एक, ‘चंद्रकुंभ’ हे नाव कोरियाच्या जोसन राजवटीपासून चालत आलंय, हे मी लिहिलेलं चूक आहे. दोन, पोकळ आणि वजनदार वस्तू सपाट कापडावर आणली की तिच्यातलं भांडेपण निघून जातं. तीन, भांडं घडवणारा निनावी राहिला आणि त्याचं चित्र काढणाऱ्यांनी नाव कमावलं. तुम्ही स्वतः कुंभाराच्या चाकावर बसता, म्हणून हा शेवटचा मुद्दा तुम्हाला जास्त टोचतो, हे समजतं.

पहिला मुद्दा मान्य, बिनशर्त. ‘दालहांगारी’, म्हणजे चंद्राचं भांडं, हे नाव विसाव्या शतकातलं. कोरियात सरकारदरबारी या भांड्यांची नोंद कितीतरी वर्षं नुसती ‘पांढऱ्या चिनीमातीचं मोठं भांडं’ अशीच होती. तिथे ‘चंद्र’ शिरला तो 2011 मध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे. पण यातून एक गंमत निघते. भांडी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या मध्यापर्यंतची, आणि त्यांना चंद्र म्हणणारे लोक साधारण चित्रकार किम ह्वानकीच्या पिढीचे. तेव्हा आज आपण ते भांडं ज्या नजरेनं बघतो, ती थोडीफार त्या पिढीच्या चित्रकारांनी आणि अभ्यासकांनीच दिलेली आहे.

आता दुसरा. ह्वानकीनं (1913–1974) भांड्यांची हुबेहूब चित्रं काढली असं मी म्हटलेलं नाही. त्याच्या भांड्याला धड सावलीही नसते. निळ्या रंगात एक पांढरा गोल, बाजूला फुललेली प्लमची फांदी, नाहीतर खराखुरा चंद्र; भांडं कुठलं आणि चंद्र कुठला, हे क्षणभर कळत नाही. रंग मात्र असा थरांवर थर दिलेला की बोट फिरवावंसं वाटतं. तुम्ही म्हणता तो स्पर्श त्यानं आकारातून काढून रंगाच्या जाडीत ठेवला. तो ही भांडी वेड्यासारखी जमवायचा, आणि सौंदर्याकडे आपले डोळे उघडले ते भांड्यांमुळेच, असं त्यानं लिहून ठेवलंय. 1951 साली, कोरियन युद्धात बुसानला निर्वासित म्हणून राहत असतानाही त्यानं रंगवलं काय, तर भांडी घेतलेल्या बायका. मागे तंबू, पुढे भांडी. ज्या दिवसांत घरातलं काहीच शाबूत राहील याचा भरवसा नव्हता, त्या दिवसांत.

दुसरा चित्रकार दो सांगबोंग (1902–1977) अगदी वेगळा. टेबल, त्यावर भांडं, भांड्यात लायलॅकची फुलं, मंद तपकिरी उजेड. त्यानं स्वतःसाठी घेतलेलं टोपणनाव ‘दोचन’, त्याचा अर्थ कुंभारकामाचा झरा. आता हा माणूस कुंभाराचं श्रेय चोरत होता, असं कसं म्हणू?

तिसऱ्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे चोख उत्तर नाही. ग्यॉन्गी प्रांतातल्या क्वांगजूच्या राजभट्ट्यांवर ज्यांनी ही भांडी घडवली, त्यांची नावं भांड्यांवर नाहीत. ह्वानकीच्या एका चित्राला 2019 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात 13 अब्ज वॉनहून जास्त किंमत आली (ते भांड्याचं नव्हे, नंतरच्या काळातलं ठिपक्यांचं चित्र). तुमचा सल रास्त आहे. फक्त तो चित्रकारांच्या माथी मारावा का, याबद्दल आपलं जमणार नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधलं भांडं पाहून आलो होतो. बर्नार्ड लीच यांनी 1935 मध्ये सोलमध्ये घेतलेलं, पुढे बरीच वर्षं लूसी री यांच्याकडे असलेलं. दोघंही तुमच्याच जातकुळीतले, चाकावरचे. घरी येऊन टिटॅनियम व्हाइट घेतला, कंपासनं वर्तुळ मारलं आणि रंगवत सुटलो. झाला चुन्याचा गोळा. बायको म्हणाली, मोदक चांगला आलाय, पाऱ्या तेवढ्या राहिल्या.

चुका दोन होत्या. एक रंगाची. ते पांढरं ट्यूबमधलं नाहीच, ते तांदळाच्या धुवणाचं आहे. कुठे निळसर, कुठे पिवळट, कुठे आत मुरलेल्या तेलाचा नाहीतर सोया सॉसचा डाग. मग झिंक व्हाइटचे पातळ थर, त्यात चिमूटभर पिवळी माती आणि काळा, असं करत करत महिना गेला. आणि दुसरी चूक त्या कंपासची. भांडं गोल नाही! चाळीस सेंटिमीटरहून उंच भांडं एका दमात चाकावर ओढलं तर माती स्वतःच्याच वजनानं बसते, म्हणून दोन मोठे वाडगे घडवून तोंडाला तोंड लावून जोडायचे. भट्टीत तो पोटावरचा सांधा जरासा ढळतो. हे वाचून माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. आता बाह्यरेषा हातानंच काढतो, डावीकडून वेगळी, उजवीकडून वेगळी.

सांध्याची ती पुसट पट्टी अजून साधत नाही. म्हणून तुम्हालाच विचारतो, कारण हे कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही: वरचा वाडगा उपडा ठेवताना खालच्याची माती किती आवळलेली लागते? आणि सांधा आतून बोटानं दाबत असाल, तर बाहेरच्या बाजूला फुगवटा येतो की खळगा? मी आतापर्यंत फुगवटा रंगवत आलोय.