वाफसा काही थांबत नाही

थंड देशात फुलांच्या वाफ्यांची वसंतातली डागडुजी म्हणजे निवांत काम. बर्फ वितळतो, मग माणसं गमबूट चढवून माती सुकायची वाट बघत बसतात. आमच्या जळगाव-धुळ्याकडे वसंत महाशिवरात्रीच्या सुमारास येतो आणि होळीबरोबर पेटतो. तेवढ्या पंधरवड्यात सगळं उरकायचं. कामं तीच, सल्लेही तेच. फक्त प्रत्येक सल्ल्याचं कारण उलटं करून घ्यावं लागतं, आणि माझा निम्मा वसंत त्यातच जातो.

पहिला सल्ला मात्र जगभर एकच आहे: वाफसा आल्याशिवाय, म्हणजे मातीतली ओल बेताची झाल्याशिवाय, खुरपं लावू नका. चार-सहा इंचांखालची मूठभर माती काढायची, दाबायची आणि अंगठ्याने टोचायची. भुगा झाला तर कामाला लागा. गोळा तसाच राहिला तर घरी जा, कारण ओल्या चिकणमातीत पाय पडला की तिच्यातली हवेची पोकळी मिटते आणि वर्षभर मुळांचा श्वास कोंडतो. आमची काळी माती ओली असताना मांड्यांच्या कणकेसारखी ताणते आणि चपलांना चिकटून त्यांचं वजन किलोभराने वाढवते. कोरडी झाली की तिच्यावर कुदळ वाजते. या दोन अवस्थांच्या मधे जे दोन-तीन दिवस मिळतात, तो वाफसा. हे दिवस नेमके लग्नसराईत येतात. आणि वाफ्यात उकिडवं बसून मूठ दाबत असताना कुंपणापलीकडून विचारणा होते, "माती दाबू राह्यला का भरताची वांगी निवडू राह्यला, भो?"

तिकडे हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि रोपांना मुळांसकट वर ढकलतं. वसंतात ती हाताने परत दाबून बसवावी लागतात. आमच्याकडे गुन्हा तोच, आरोपी वेगळा. काळी माती सुकताना आकसते, भेगा पडतात आणि भेगेत आलेली मुळं तटातट तुटतात. म्हणून भेग दिसली की तीत चाळलेलं शेणखत भरायचं आणि वरून झारीने पाणी द्यायचं. वाळू भरू नका. 'माती भुसभुशीत होते' म्हणून पसाभर वाळू घालणारे खूप भेटतात, पण चिकणमातीत थोडी वाळू म्हणजे विटांचा कच्चा माल. चौरस मीटरला 4-5 किलो शेणखत आणि 100 ग्रॅम निंबोळी पेंड, एवढं पुरतं. खत मात्र पूर्ण कुजलेलं हवं. हाताला गरम लागलं किंवा नाकाला शेण वाटलं, तर त्यातून हुमणीची अळीही फुकट येते आणि मुळं खाऊन ढेकर देते.

तिकडचे जाणकार वाळलेल्या दांड्या वसंतापर्यंत कापत नाहीत, कारण त्यांच्या पोकळीत किडे-माश्या हिवाळा काढतात. दिवसाचं तापमान 10 अंशांवर टिकू लागलं की मगच कात्री. आमच्याकडे 10 अंश ही पौषातली कुडकुडणारी पहाट. त्या हिशोबाने कात्री वर्षभर बाहेरच ठेवावी लागेल. पिटुनिया, फ्लॉक्स या थंडीतल्या फुलांचा मोह फाल्गुनात सोडावा: बी धरायचं, रोप उपटायचं आणि जागा सदाफुली, झिनिया, ऑफिसटाइमला द्यायची. शेवंती 4-6 इंचांवर कापून मुनवे, म्हणजे बुडाशी आलेले फुटवे, सावलीत सांभाळायचे. मोगऱ्याचं गणित वेगळं. पाणी तोडून 15-20 दिवस ताण द्यायचा, पानगळ झाली की तिसरा हिस्सा छाटायचा, मग खत आणि भरपूर पाणी. ताणाच्या दिवसांत घरातलं कुणीतरी दयेपोटी तांब्याभर पाणी घालतंच. मोगऱ्याची छाटणी मला येते, या दयेची नाही.

आच्छादनात उलटापालट सर्वांत जास्त. तिकडे घाई केली तर आच्छादनाखालची माती गारच राहते, म्हणून ती तापेपर्यंत थांबतात. आम्हाला गारच हवी, म्हणून खत घातलं की त्याच दिवशी तीन इंच थर. रावेर-यावलकडे केळीची वाळकी पानं हवी तेवढी, ती कापून पसरायची. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, मात्र आणू नका. तिच्या उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून असते. खोडापासून दोन इंच जागा मोकळी ठेवायची आणि थर ओलसर राखायचा. वाळवीवर लक्ष ठेवा, ती त्याला पंगत समजते.

ट्युलिपचा नाद असेल तर कंदाला 12 ते 16 आठवडे फ्रिजची थंडी लागते आणि शेजारी पिकणारं फळ चालत नाही, त्याच्या वायूने आतली कळी मरते. पिकली फळं फ्रिजबाहेर काढा, हे आंब्याच्या दिवसांत घरात सांगून बघा.

मार्चअखेर 50 टक्के ऊन अडवणारी शेडनेट बांधायची आणि पाणी सकाळी सहाच्या आत द्यायचं. उशीर झाला तर उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी वाफ्यात सोडू नका, पाच मिनिटांत रोपं उकडतात. ते बादलीत घ्या. मे महिन्यात आमची अंघोळ त्यावरच होते.