मुलाखतीतले अकरा सेकंद

परवा पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीचं मुलाखतीचं असाइनमेंट तपासत होतो. ट्रान्सक्रिप्ट एकदम चकाचक, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. सहज म्हणून मूळ रेकॉर्डिंग लावलं. तिने मुलाखत देणाऱ्या बाईंना विचारलं होतं, "मग तुम्ही तक्रार का नाही केली?" आणि बाई गप्प. मी मोजले, ११ सेकंद. मग एक लांब श्वास आणि "कुणाकडे करणार", एवढंच. ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रश्नाखाली लगेच उत्तर, जणू बाई तयारीनेच बसल्या होत्या. तिला विचारलं, रेकॉर्डिंग परत ऐकलंस का? तर म्हणाली, सर, एआयने टाइप करून दिलंय ना, मग परत कशाला ऐकायचं?

मला तिचा राग नाही आला, खरंच नाही. आम्ही शिकताना तासाभराची मुलाखत उतरवायला चार-पाच तास जायचे, थांबवा, मागे घ्या, परत ऐका, जीव वैतागायचा. पण त्यातच कळायचं की समोरचा काहीतरी सांगायच्या बेतात होता आणि आपणच मध्ये बोलत सुटलो. ऐकायला शिकवणारा वेगळा तास अभ्यासक्रमात कधी नव्हताच, तो या कंटाळवाण्या कामातच होऊन जायचा, आणि आता ते कामच गेलंय.

बरं, मशीन नुसतं गाळतं असंही नाही. ओपनएआयच्या व्हिस्परवर, म्हणजे बोलणं टाइप करून देणाऱ्या एआयवर, संशोधकांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यात साधारण १ टक्का ऑडिओ तुकड्यांत कुणी न बोललेली अख्खी वाक्यं सापडली, आणि बोलताना जे जास्त थांबतात त्यांच्या बाबतीत हे जास्त. १ टक्का किरकोळ वाटेल, पण न बोललेलं वाक्य कुणाच्या तोंडी घालणं याला आपल्या धंद्यात काय म्हणतात ते सांगायला नको.

आणि आपण शिक्षक मंडळी काय करतोय, तर पकडापकडी. ओपनएआयने एआयचं लिखाण ओळखणारं स्वतःचं डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि जुलैमध्ये गुपचूप बंद केलं, कारण त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरातला फक्त २६ टक्के पकडला गेला होता आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगाच शिक्का बसला होता. मीही अशाच एका टूलच्या आकड्यावर विसंबून एका मुलाला भर वर्गात जाब विचारला होता. दुसऱ्या दिवशी तो खाडाखोड केलेली हाताने लिहिलेली सहा पानं घेऊन आला. त्याची माफी मागितली मी, पण केबिनमध्ये, वर्गासमोर नाही, आणि ते अजून टोचतं.

रिसर्चचंही तेच. कंटेंट ॲनालिसिसमध्ये, म्हणजे ठरवलेल्या निकषांवर बातम्यांची वर्गवारी करताना, ती करणारे दोन कोडर एकाच बातमीवरून भांडतात, हा म्हणतो टोन नकारात्मक, ती म्हणते तटस्थ, आणि त्या भांडणातूनच कळतं की आपली नकारात्मकची व्याख्याच कच्ची होती. एआय २००० बातम्या बघता बघता कोड करून देतं, भांडत नाही. माझा विरोध नाहीये बरं का, वीस वर्षांचे अंक असतील तर वापरावंच, नाहीतर तो अभ्यास होणारच नाही. पण आधी २०० बातम्या दोघांनी हाताने करा, आपसातलं जुळणं मोजा, मग मशीनचं ताडून बघा, आणि कुठलं मॉडेल, कुठली आवृत्ती, काय प्रॉम्प्ट दिला हे प्रबंधात लिहा, कारण मॉडेल बदलत राहतात आणि पुढच्या वर्षी तोच प्रॉम्प्ट वेगळं उत्तर देईल. संदर्भसूचीतला प्रत्येक पेपर स्वतः उघडून बघा. २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्सच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी छापून आली, त्यातली १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती! छापून येईपर्यंत एकानेही एक पुस्तक शोधून बघितलं नाही.

या सत्रापासून मी मार्कांची वाटणी बदललीये. तयार मजकुराला ४०, बाकी ६० नोंदवही, मूळ ऑडिओ आणि कुठलं वाक्य का वगळलं याच्या तोंडी परीक्षेला. एआय वापरा, पण काय वापरलं ते सांगा. तपासायला तिप्पट वेळ लागतोय, साठ पोरांच्या वर्गाला हे झेपत नाही हे मान्य, त्यामुळे मोठ्या वर्गांसाठी जादा शिक्षक मागावेच लागतील, नवीन सॉफ्टवेअरच्या आधी.

ती मुलगी काल ट्रान्सक्रिप्ट सुधारून घेऊन आली. कंसात लिहिलं होतं, ११ सेकंद शांतता. आणि खाली बारीक अक्षरात, "सातव्या सेकंदाला मी पुढचा प्रश्न विचारायला सुरुवात केली होती, माझा आवाज ऐकू येतो."